मेलेल्या यंत्राशी बोलणं : चार तारांचा इतिहास

संगणकाच्या इतिहासावरच्या या मालिकेत आपण आतापर्यंत मोठ्या गोष्टी बोललो. कोणी कुठलं यंत्र बांधलं, कोणी कुठली भाषा लिहिली वगैरे. आज मी एक बारीक गोष्ट घेतली आहे. इतकी बारीक की तुमच्या घरातल्या राउटरचं झाकण काढलंत, तर आतल्या हिरव्या पाटीच्या एका कडेला ती बहुतेक दिसेल. चार, सहा किंवा दहा बारकी भोकं ओळीत असतात. त्यांत काहीही जोडलेलं नसतं आणि माहितीपुस्तिकेत त्यांचा उल्लेखही नसतो. पण यंत्र मेलं, म्हणजे पडदाही लागत नाही, की-बोर्डही चालत नाही, तर ज्याला कळतं तो माणूस तिथेच तार लावतो.

ही भोकं कुठून आली, ती ठेवायला कोणी लावली आणि आता ती बुजवायची घाई का चालली आहे, हा आजचा विषय. मी बंगळुरात गेली बरीच वर्षं छोट्या यंत्रांची सिस्टिम सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे यातला काही भाग ऐकीव नाही.

आधी अडचण समजून घेऊ. साधा प्रोग्रॅम बिघडला तर आपण डीबगर लावतो. डीबगर हासुद्धा एक प्रोग्रॅमच. तो दुसऱ्या प्रोग्रॅमला थांबवतो, त्याची मेमरी उघडून बघतो, एकेक सूचना पुढे सरकवतो. पण हे सगळं करायची मुभा त्याला कोण देतं? ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, ज्याला आपण कर्नल म्हणतो. (लष्करातल्या कर्नलशी संबंध नाही, पण हुकूम त्याचाच चालतो.) आता बिघाड त्या कर्नलमध्येच झाला तर? डीबगर चालवायचा कोणाच्या जिवावर? कसरतपटू कितीही तयारीचा असो, त्याला स्वतःच्या खांद्यावर चढता येत नाही. उभं राहायला दुसऱ्या कोणाचा तरी खांदा लागतो. हा दुसरा खांदा कसा तयार झाला, त्याची ही गोष्ट.

दिवे आणि खटके

सुरुवातीच्या यंत्रांना हा प्रश्न पडलाच नाही, कारण त्यांचा आतला भाग बाहेरच होता. केंब्रिजमध्ये मे १९४९ मध्ये एडसॅक हे यंत्र चालू झालं. ते बांधणारे मॉरिस विल्क्स यांनी पुढे आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे, की त्याच सुमारास जिना चढता-उतरता त्यांना लख्ख जाणवलं : आपलं उरलेलं आयुष्य बऱ्यापैकी आपल्याच प्रोग्रॅममधल्या चुका शोधण्यात जाणार. दोनच वर्षांनी, १९५१ मध्ये, त्यांचे सहकारी स्टॅन्ली गिल यांनी एडसॅकवरच्या चुकांचं निदान कसं करावं यावर रीतसर शोधनिबंध लिहिला. म्हणजे प्रोग्रॅमिंगचं शास्त्र आणि चुका शोधण्याचं शास्त्र ही जवळजवळ जुळी भावंडं.

आपल्याकडे मुंबईत, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, १९६० मध्ये टिफ्रॅक पूर्ण झाला. सुमारे २,७०० निर्वात नळ्या आणि ४० बिटांचे २,०४८ शब्द मावतील एवढी मेमरी. त्याला हाताने चालवायचा कन्सोल होता. चालवणारा माणूस यंत्राच्या समोरच बसायचा.

पुढे आयबीएमची सिस्टिम ३६०, डेकची पीडीपी-११, या सगळ्यांच्या दर्शनी भागावर दिव्यांच्या ओळी आणि खटके होते. नुसती शोभा नव्हती ती. पीडीपी-११ वर एक खटका दाबला की प्रोसेसर आहे तिथे थांबे. दुसऱ्या खटक्यांवर एखादा पत्ता मांडला आणि 'तपास' दाबलं, की त्या पत्त्यावर काय आहे ते दिव्यांत दिसे. 'ठेव' दाबलं की आपण मांडलेला आकडा तिथे जाऊन बसे. एकेक सूचना पुढे ढकलता येई. युनिक्सचा गाभा याच जातीच्या यंत्रांवर वाढला, आणि तो कोसळला तर माणूस आधी त्या दिव्यांकडे बघायचा.

यात एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण पुढचा सगळा इतिहास तिच्याभोवती फिरतो. थांबव, बघ, बदल, एक पाऊल पुढे जा. या चार क्रिया करायला त्या यंत्रावर एकही प्रोग्रॅम धड चालायची गरज नव्हती. ही सोय तारांमध्ये होती. सॉफ्टवेअर पूर्ण मेलेलं असलं तरी दिवे खरं सांगत.

दिवे विझले

मग मायक्रोप्रोसेसर आला. १९७४ साली इंटेलचा ८०८० आला तेव्हा कपाटभर यंत्र चाळीस पायांच्या एका चिपमध्ये मावलं. स्वस्त झालं, छोटं झालं, आणि दिसेनासं झालं. दिवे लावायचे कुठे? आतला रजिस्टर बघायचा तर त्याची तारच बाहेर येत नाही.

इंटेलने यावर काढलेला उपाय थोडा राक्षसी होता. बोर्डावरचा प्रोसेसर चक्क उपटून काढायचा आणि त्या खोबणीत एक जाड केबल खोचायची. केबलच्या दुसऱ्या टोकाला कपाटाएवढं यंत्र. ते बोर्डाला भासवतं, की मीच तुझा प्रोसेसर. पण हे सोंग घेतलेलं यंत्र आपल्या ताब्यात असतं, हवं तेव्हा थांबवता येतं, आत डोकावता येतं. याचं नाव इन-सर्किट एम्युलेटर. आद्याक्षरं जोडून सगळे त्याला 'आइस' म्हणत. १९७५ च्या सुमारास ८०८० साठी पहिला आइस आला.

किंमत अशी, की अख्ख्या विभागाला मिळून एखादा असायचा, आणि त्याच्यासाठी वहीत नाव लिहून नंबर लावायचा. तरी १९८० चं दशक यावर निघालं. मग तो उपायही थकला. प्रोसेसरचा वेग वाढला तशी ती लांब केबल आड येऊ लागली. शेकडो पायांच्या चिपा थेट बोर्डाला डाखलेल्या येऊ लागल्या, त्या उपटणार कशा? आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे कॅश. १९८९ च्या इंटेल ४८६ मध्ये ८ किलोबाइटची कॅश चिपच्या पोटातच होती. प्रोसेसर आतल्या आत तिच्यातूनच सूचना उचलतो, बाहेरच्या तारांवर पत्ताच येत नाही. बाहेर कान लावून बसलेल्याला शांतता ऐकू येते, आणि आत हजारो सूचना पार पडलेल्या असतात.

आता बाहेरून ऐकून भागणार नव्हतं. हेराला आतच नेमायला हवं होतं.

पुण्यातली एक वेगळी वाट

इथे एक छोटं वळण घेतो, कारण ते आपल्या घरचं आहे. अमेरिकेने क्रे सुपरकॉम्प्युटर द्यायला नकार दिल्यावर १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली आणि विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० उभा राहिला. त्याचा पाया होता ब्रिस्टलच्या इनमॉस कंपनीचा ट्रान्सप्युटर. या चिपला चार सिरियल दुवे असत, त्यांतून ती शेजारच्या चिपांशी बोले.

ट्रान्सप्युटर बनवणाऱ्यांनी दूरवरचा विचार केला होता. शेकडो प्रोसेसर एकमेकांना जोडले, त्यातला एक बिघडला, तर तुम्ही कोणाकोणाला दिवे लावणार? म्हणून त्यांनी चिपला 'अॅनलाइज' नावाचा एक पाय दिला. तो ओढला की प्रोसेसर आतली अवस्था सांभाळून थांबे. मग कुठल्याही दुव्यातून पहिला बाइट शून्य पाठवला तर त्याचा अर्थ 'या पत्त्यावर हे लिही', आणि एक पाठवला तर 'या पत्त्यावर काय आहे ते सांग'. बस्स. त्या चिपवर काहीही सॉफ्टवेअर नसलं तरी तारच जबाब देते. पीडीपी-११ चे 'तपास' आणि 'ठेव' हे खटके बघा, एका तारेच्या टोकाला येऊन बसले होते.

ट्रान्सप्युटर पुढे बाजारात टिकला नाही. पण त्याच काळात, अगदी दुसऱ्याच कारणासाठी, दुसरी एक तार तयार होत होती.

डाखकामाची तपासणी

कारण होतं डाखकाम. पूर्वी बोर्ड तयार झाला की तो खिळ्यांच्या फळीवर दाबत. शेकडो बारीक, स्प्रिंग लावलेल्या टोकदार सुया बोर्डाच्या प्रत्येक सांध्याला टेकत आणि कुठला सांधा कच्चा आहे ते सांगत. १९८० च्या दशकात चिपा पृष्ठभागावर डाखू लागले, बोर्डाचे थर वाढले, दोन्ही बाजूंनी चिपा बसू लागल्या. सुई टेकवायला जागाच उरली नाही.

१९८५ मध्ये फिलिप्ससारख्या काही युरोपीय कंपन्यांचे अभियंते एकत्र आले, नंतर अमेरिकेतले मिळाले, आणि त्या गटाचं नाव पडलं 'जॉइंट टेस्ट ॲक्शन ग्रुप'. आद्याक्षरांचा उच्चार जेटॅग. त्यांची कल्पना अशी : बाहेरून सुया टोचण्यापेक्षा प्रत्येक चिपच्या प्रत्येक पायापाशी आतून एक छोटी पेशी ठेवू, आणि सगळ्या पेशी एका माळेत ओवू.

विहिरीपासून मळ्यापर्यंत माणसांची रांग उभी आहे आणि घागरी हातोहात पुढे जात आहेत, असं समजा. एका टोकाला नवी घागर दिली की प्रत्येक जण हातातली पुढच्याला देतो, आणि दुसऱ्या टोकाला एक जुनी घागर बाहेर पडते. माळेतही तसंच. एका तारेतून एकेक बिट आत ढकलायचा, दुसऱ्या तारेतून एकेक बिट बाहेर येतो. माळ पूर्ण भरली की सगळ्या पायांवर एकदम हवी ती अवस्था मांडता येते. आणि बाहेर आलेल्या बिटांवरून पायांवर आधी काय होतं ते कळतं.

यासाठी चारच तारा लागतात. एक आत जाणारा बिट, टीडीआय. एक बाहेर येणारा, टीडीओ. एक ठोका देणारी, टीसीके. आणि चौथी टीएमएस, जी आता काय चाललं आहे ते ठरवते. प्रत्येक चिपमध्ये सोळा अवस्थांचं एक छोटं यंत्र असतं, आणि टीएमएस शून्य आहे की एक, यावर ते प्रत्येक ठोक्याला एका अवस्थेतून दुसरीत जातं. त्यात एक गोड खुबी आहे. तुम्ही कुठल्याही अवस्थेत असा, टीएमएस एकवर धरून पाच ठोके दिले की हमखास मूळ ठिकाणी परत येता. रस्ता चुकलेल्यासाठी ही सोय कागदावरच करून ठेवली होती. १९९० मध्ये याचं आयईईई ११४९.१ हे प्रमाणक झालं.

आता गंमत पाहा. डाखकाम तपासायला म्हणून प्रत्येक चिपवर चार तारांचा एक दरवाजा आला. प्रमाणकात अशीही मुभा होती, की चिप बनवणाऱ्याने आपल्या खासगी कामासाठी आणखी माळा आत जोडाव्यात. प्रोसेसर बनवणाऱ्यांना तर हेच हवं होतं. हेर आत नेमायचा होता, आणि त्याच्याशी बोलायचा दरवाजा आयता मिळाला.

मोटोरोलाने आपल्या काही प्रोसेसरांत स्वतःची वेगळी सोय केली होती, तिला बॅकग्राउंड डीबग मोड म्हणत. पण घराघरात ही गोष्ट नेली एआरएमने. १९९४ चा एआरएम७टीडीएमआय हा गाभा घ्या. नोकियाच्या ६११० फोनमध्ये तो होता, आणि पुढे कित्येक फोनांत. त्या लांबलचक नावातलं 'डी' म्हणजे डीबग आणि 'आय' म्हणजे आइस. इंटेलच्या त्या कपाटाची आठवण एका अक्षरात राहिली.

आत काय होतं? दोन पहारेकरी. 'प्रोसेसर अमुक पत्त्यावर आला की थांबव' असं त्यांना सांगून ठेवता येई. प्रोसेसर थांबला की माळेतून एकेक सूचना त्याच्या डेटाच्या वाटेवर ठेवायची. त्या बिचाऱ्याला वाटतं सूचना मेमरीतूनच आली. 'तुझे सगळे रजिस्टर मेमरीत लिही' असा हुकूम द्यायचा, तो निमूट लिहायला घेतो, आणि ते आकडे मेमरीत जाण्याऐवजी माळेतून आपल्या हातात येतात. गुंगीतल्या माणसाकडून जबानी घ्यावी तसा हा प्रकार. पुढे हीच सोय दोन तारांवरही आली, तिला एसडब्ल्यूडी म्हणतात.

कर्नलला डीबगर हवा का?

हार्डवेअरमध्ये हे चाललेलं असताना सॉफ्टवेअरच्या बाजूला वेगळाच वाद पेटला होता. लिनक्सच्या कर्नलमध्येच डीबगर असावा, अशी अनेकांची मागणी होती. सप्टेंबर २००० मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी साफ नाही म्हटलं. त्यांचा मुद्दा तंत्राचा कमी आणि स्वभावाचा जास्त होता. डीबगर हाताशी असला की लोक लक्षण दिसेनासं होईपर्यंत ठिगळं लावतात. नसला की कोड वाचतात, विचार करतात. चूक शोधणं थोडं कष्टाचंच असू दे, म्हणजे माणूस आधीच जपून लिहील, असं त्यांचं म्हणणं.

मला स्वतःला यात अर्धं पटतं. वाचल्याशिवाय समजत नाही हे खरंच आहे. पण ज्याच्यासमोर नवाकोरा बोर्ड आहे आणि दोष आपल्या कोडमध्ये आहे, चिपमध्ये आहे की डाखकामात, हेच माहीत नाही, त्याने वाचायचं तरी काय? अखेर जुलै २००८ मध्ये, २.६.२६ या आवृत्तीत, केजीडीबी मूळ कर्नलमध्ये आला, आणि २०१० मध्ये केडीबी. पण तेव्हाही मूळ पेच कायम होता : हे दोन्ही कर्नलच्या आतच राहतात. कर्नल पुरेसा जिवंत असेल तरच ते बोलतात. जेटॅग कोणाची परवानगी मागत नाही.

अडसर होता तो किमतीचा. कंपन्यांचे जेटॅग संच आणि त्यांची सॉफ्टवेअर महाग. २००५ मध्ये जर्मनीतल्या ऑग्सबर्ग इथल्या उपयोजित विज्ञान विद्यापीठात डोमिनिक राथ या विद्यार्थ्याने पदविकेचा प्रबंध म्हणून ओपनओसीडी लिहिलं आणि सगळ्यांसाठी खुलं केलं. एका बाजूला ते चार तारांशी बोलतं, दुसऱ्या बाजूला ३३३३ या पोर्टवर जीडीबीची वाट बघतं. जीडीबी म्हणजे रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ मध्ये लिहिलेला डीबगर. त्याला पत्ताही नसतो, की पलीकडे प्रोग्रॅम नसून उघडं सिलिकॉन आहे.

त्या काळात संगणकाच्या मागे प्रिंटरचा पॅरलल पोर्ट असायचा. बंगळुरात एस. पी. रोडवर एक बफर चिप, काही रोध आणि एक कनेक्टर घ्यायचा, की जेटॅगची केबल घरी तयार व्हायची. ती धीमी होती, पण चालायची. आमच्या पिढीतल्या पुष्कळांनी कर्नलचं पोट पहिल्यांदा पाहिलं ते याच तारेतून.

आरंभीची शांतता

आता एक प्रत्यक्ष उदाहरण सांगतो. साधारण २००९ ची गोष्ट. एका छोट्या कंपनीचं काम होतं, नाव सांगण्याची गरज नाही. कर्नाटकातल्या गावोगावच्या दूध संकलन केंद्रांवर बसवायचं यंत्र. शेतकरी दूध आणतो, वजन होतं, फॅट मोजली जाते, आणि हे यंत्र पावती छापून हिशेब ठेवतं. आत एआरएम९ जातीचा प्रोसेसर आणि लिनक्स. बोर्डाची नवी आवृत्ती आली आणि ती चालूच होईना. सिरियल तारेवर एक ओळ यायची : कर्नल उलगडून झाला, आता सुरू करतो. त्यानंतर काहीच नाही. ज्यांनी असं काम केलं आहे त्यांना ही शांतता ओळखीची असेल. कर्नलने बोलायचं साधन उघडण्याआधीच जीव सोडलेला असतो.

तार लावली आणि प्रोसेसर थांबवला. आधी वॉचडॉग बंद करावा लागला, नाहीतर प्रोसेसर थांबलेला बघून तो पहारेकरी बोर्डच पुन्हा चालू करतो. मग पहिला प्रश्न : तू आहेस कुठे? प्रोग्रॅम काउंटरचा पत्ता आला. हा पत्ता जसाच्या तसा कर्नलच्या नकाशात शोधून मिळत नाही. कर्नल स्वतःला तीन गिगाबाइटच्या पुढच्या आभासी पत्त्यांवर राहणारा समजतो, आणि इथे तर पत्त्यांचं भाषांतर करणारं एकक अजून सुरूच झालं नव्हतं. म्हणजे हा खरा, भौतिक पत्ता. दोन्हींतला फरक मिळवला तेव्हा नकाशात जागा सापडली. दोन सूचनांचं गोल गोल फिरणारं रिंगण, नाव 'एरर'.

त्या काळच्या एआरएम लिनक्समध्ये प्रत्येक बोर्डाला एक नोंदणी क्रमांक असे. बूटलोडर तो आर१ या रजिस्टरमध्ये ठेवून कर्नलला सुरू करी. ओळखीचा क्रमांक दिसला नाही, तर कर्नल या रिंगणात जाऊन गप्प फिरत बसे. आर१ वाचला. त्यात दुसऱ्याच बोर्डाचा क्रमांक होता. बूटलोडर ज्या पुरवठादाराकडून आला होता त्याने जुन्या बोर्डाची प्रत तशीच पाठवली होती. आकडा बदलला आणि बोर्ड उठला. दोन आठवडे मेमरीवर संशय घेत अडकलेलं काम दुपारच्या चहापर्यंत संपलं.

हे रिंगण थोडं पुढे असतं, तर दुसरी युक्ती होती. कर्नल आपले संदेश पडद्यावर पाठवण्याआधी मेमरीतल्या एका राखीव जागी लिहितो. तोंड बंद असलं तरी डायरी लिहिलेली असते. प्रोसेसर थांबवायचा, त्या जागेचा पत्ता नकाशातून घ्यायचा, मेमरी वाचून घ्यायची. शेवटची ओळ कुठे संपली ते बघितलं की मृत्यूचं ठिकाण कळतं.

दार उघडं ठेवायचं की बंद?

आता ज्या कारणासाठी मी हा विषय निवडला तिथे येतो.

जो दरवाजा डॉक्टरला आत नेतो तो चोरालाही नेतो. जेटॅगने मेमरी वाचता येते, म्हणजे तिच्यातले पासवर्ड आणि गुप्त किल्ल्याही वाचता येतात. २००९ मध्ये एक्सबॉक्स ३६० चं कुलूप फोडणाऱ्यांनी जेटॅगचा वापर केला, आणि ती युक्ती त्याच नावाने ओळखली गेली. २०१७ मध्ये पॉझिटिव्ह टेक्नॉलॉजीजच्या संशोधकांनी दाखवलं, की इंटेलच्या चिपांत दडलेल्या मॅनेजमेंट इंजिनापर्यंत यूएसबीमार्गे डीबग जोडणीने पोचता येतं. ही भीती खोटी नाही. त्यामुळे आज फोन बनवणारे कारखान्यातून माल बाहेर पडताना चिपमधला एक फ्यूज कायमचा जाळून टाकतात. त्यानंतर तारा असतात, पण पलीकडून उत्तर येत नाही.

ते दूधवाले यंत्रच घ्या. कोणी आत शिरून फॅटचा आकडा रोज थोडासा खाली ओढला, तर कोणाला कळणार? शेकडो शेतकऱ्यांच्या पावतीतून दर दिवशी काही पैसे जातील. कुलूप हवं, यात मला शंका नाही.

पण त्याच यंत्रांची पुढची हकिगत ऐका. काही वर्षांनी ती कंपनी बंद पडली. वीज ये-जा करते, फ्लॅश मेमरीतला बूटलोडर खराब होतो, यंत्र उठत नाही. सुरुवातीच्या लॉटमधल्या बोर्डांवर जेटॅग उघडा होता. एका केंद्राच्या माणसाने अशी पाच-सहा यंत्रं माझ्याकडे आणली. प्रोसेसर थांबवला, चिपच्या पोटातल्या छोट्या मेमरीत एक तुकडा उतरवला, त्याने मोठी मेमरी जागी केली, मग तिथून बूटलोडर आणून फ्लॅशवर पुन्हा लिहिला. यंत्रं उठली, हिशेबही शाबूत मिळाले. नंतरच्या लॉटचे बोर्ड आले तेव्हा फ्यूज जाळलेला होता आणि किल्ली कंपनीबरोबर गेली होती. हार्डवेअर ठणठणीत, आत काही महिन्यांचे हिशेब, आणि ते भंगारात. केंद्रचालकाला लोकांकडून जुन्या पावत्या गोळा करून वही लिहावी लागली.

माझ्या मते खरा वाद दार असावं की नसावं हा नाही. किल्ली कोणाकडे असावी आणि ती ठेवणारा उद्या नसला तर काय, हा आहे. नव्या चिपांत याची सोय आहे. दार कायमचं बुजवण्याऐवजी चिप एक आकडा पुढे करते, त्यावर योग्य किल्लीची सही करून दिली तरच ती उघडते. तंत्र तयार आहे, ठरवायचं एवढंच, की ती किल्ली विकत घेणाऱ्यालाही मिळावी का, किंवा निदान कुणा तिऱ्हाइताकडे जमा असावी का. हे अभियंते ठरवणार नाहीत. खरेदीचा करार लिहिणारे ठरवतील : सहकारी दूध संघ, सरकारी खाती, रुग्णालयं. त्यांच्यापैकी कोणी हे ऐकत असेल, तर पुढच्या निविदेत एक कलम घालाच. पुरवठादार बंद पडला तर डीबगची किल्ली ग्राहकाला मिळेल, एवढी एकच ओळ पुरे.

आपल्या देशात हा प्रश्न आता आपल्याच टेबलावर आला आहे. आयआयटी मद्रासच्या शक्ती प्रकल्पातल्या प्रोसेसरवर २०१८ मध्ये लिनक्स चालला. आयआयटी मुंबईचा अजित २०१९ मध्ये जाहीर झाला. शक्ती ज्या रिस्क-फाइव्ह या खुल्या रचनेवर उभा आहे, तिचं डीबगचं प्रमाणकही २०१९ मध्ये मंजूर झालं आणि कोणालाही वाचायला खुलं आहे. प्रोसेसर कसा थांबवायचा, त्याचे रजिस्टर कसे वाचायचे, दाराला कुलूप कसं घालायचं, सगळं कागदावर उघड लिहिलेलं. पीडीपी-११ च्या दिव्यांसमोर बसणाऱ्याला जेवढं दिसायचं, तेवढं पुन्हा दिसू शकतं. आपण चिप घडवणार असू, तर तिच्या दाराचे नियमही आपल्यालाच लिहावे लागतील.

तुमच्यापैकी कोणी विद्यार्थी असेल, तर त्याला माझं सांगणं साधं आहे. एक स्वस्तातला बोर्ड घ्या, एक यूएसबी-जेटॅगची तार घ्या, ओपनओसीडी उतरवून घ्या, आणि चालता कर्नल मध्येच थांबवून बघा. दोन-चार वेळा टीएमएस आणि टीडीआयच्या तारा उलट लागतील आणि पलीकडून नुसते एक-एक-एक येत राहतील. तारा तपासा, जमीन नीट जोडली आहे का ते बघा, ठोक्याचा वेग कमी करा. मग एकदा तो चिपचा ओळख-क्रमांक येतो. तो आला की पुढचं सगळं येतं.

पुढच्या भागात आपण फ्लॅश मेमरी झिजते म्हणजे नेमकं काय होतं ते बघू. या दूधवाल्या यंत्रांचे बूटलोडर का खराब होत होते, त्याचं उत्तरही तिथेच मिळेल.